उपाशी पोटात सापडलेली मटकी

"साहेब, आम्ही माळकरी माणसं. उपासाचं खोटं कशाला सांगू?"

काय होतंय हे सांगायच्या आधीच त्यांनी हे सांगितलं. वय ५९, एसटीत चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, पंढरपूर तालुक्यातल्या एका गावचे. गळ्यात तुळशीची माळ, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल, शेजारी पत्नी. मधुमेह १७ वर्षांपासून, त्यातली शेवटची सहा वर्षं इन्सुलिनवर. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव आणि काही बारीकसारीक तपशील इथे गाळले आहेत.

तक्रार तीन वर्षांची होती. चार घास खाल्ले की पोट गच्च, मग मळमळ, आठवड्यातून चार-पाच वेळा उलटी. वजन नऊ किलोंनी उतरलेलं. फाईलमध्ये तीन एंडोस्कोपी होत्या, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून केलेल्या जठराच्या तपासण्या. पहिल्या रिपोर्टवर लिहिलेलं, 'जठरात अन्न शिल्लक, तपासणी अपुरी, उपाशी पोटी पुन्हा करावी.' महिन्याभराने दुसऱ्या ठिकाणी दुसरी केली, तिच्यावरही जवळजवळ तेच शब्द. तिथे मात्र त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. रात्री आठला जेवून सकाळी दहाला नळी घातली, म्हणजे चौदा तासांचा उपास, आणि तरी पोटात अन्न. तेव्हा हा माणूस सकाळी गुपचूप खाऊन आला असणार, असा निष्कर्ष निघाला. आषाढी-कार्तिकीला नुसत्या पाण्यावर राहणाऱ्या माणसाला ते लागलं. तिसऱ्या वेळी दोन दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवून तपासणी केली. जठर साफ, कुठे अडथळा नाही, थोडी लाली. रिपोर्ट 'नॉर्मल'. तिथून पुढे निदान 'अ‍ॅसिडिटी', आणि सकाळी उपाशी पोटी घ्यायची पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल.

ही फाईल चाळणाऱ्या प्रत्येकाने तिसरा रिपोर्ट खरा धरला आणि पहिले दोन वाया गेले असं मानलं. मला उलटं वाटतं. निदान पहिल्या दोन रिपोर्टांतच लिहिलेलं होतं. तिसऱ्याने फक्त एवढं सांगितलं की जठराच्या तोंडाशी गाठ, व्रण किंवा अरुंदपणा नाही. ते कळणं आवश्यकच होतं आणि ते दुर्बिणीशिवाय कळत नाही; दुर्बिणीवर माझा राग नाही. पण दुर्बीण भिंती दाखवते. गिरणी चालते की नाही, हे रिकाम्या गिरणीचे फोटो काढून कसं कळणार?

पत्नीने पिशवीतून दोनशे पानी वही काढली. नातवाची जुनी गणिताची वही, मागच्या बाजूने लिहायला घेतलेली. एका पानावर हे होतं: 'रात्री ८.३० ज्वारीची भाकरी दीड, मटकीची उसळ. ९.४५ घाम, शुगर ५८, साखरपाणी दिलं. पहाटे ३ ला ३११. सकाळी ६.३० उलटी, मटकी आख्खी.'

आख्खी मटकी. दहा तासांनी.

जठर चावलेल्या अन्नाचं पीठ करतं, आणि घन अन्नाचे कण साधारण एक-दोन मिलीमीटरचे झाले की त्याचं खालचं दार ते लहान आतड्यात सोडतं. मोड आलेली मटकी दहा तासांनी जशीच्या तशी बाहेर येते, तेव्हा दळणंही थांबलेलं असतं आणि ढकलणंही. बाकीचं कोडं शुगरच्या आकड्यांनी सोडवलं. इन्सुलिन वेळेवर पोचायचं, भाकरी पोचायची नाही. म्हणून जेवणानंतर सव्वा तासाने शुगर ५८, आणि पहाटे भाकरी एकदाची खाली उतरली की ३११. याच आकड्यांवरून त्यांचा डोस कोणी वाढवला होता, कोणी कमी केला होता. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए१सी ९.८ होतं.

पोटाचं काम मोजायची सगळ्यात स्वस्त तपासणी कानाने होते. जेवून चार तास झाले होते. पोटाच्या वरच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला आणि कमरेला धरून त्यांना हलकेच हलवलं. अर्धी भरलेली घागर काखेत घेऊन चालताना होतो तसा डुचमळण्याचा आवाज आला. जेवणानंतर तीन तास उलटल्यावर हा आवाज आला तर जठरात माल अडकलाय असं समजायचं. हल्ली हे कोणी करत नाही, कारण त्याचा रिपोर्ट छापून येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बारा तासांच्या उपासानंतर, मी सोनोग्राफीचा प्रोब त्यांच्या छातीच्या हाडाखाली उभा धरला. यकृताची डावी कड आणि मागे धडधडणारी महाधमनी, या दोहोंच्या मधोमध जठराचा खालचा भाग दिसतो. रिकामा असला की तो नेमबाजीच्या फळ्यावरच्या वर्तुळासारखा, भिंती एकमेकींना चिकटलेल्या. यांचा फुगलेला होता आणि आत करडं, दाणेदार काहीतरी भरलेलं. उजव्या कुशीवर वळवलं तर आणखी भरला. मी पडदा पत्नीकडे फिरवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे खरंच उपाशी होते." नवऱ्यावर त्यांचाही थोडा संशय होता, हे मला तेव्हा कळलं.

भूलतज्ज्ञ ही सोनोग्राफी आता बऱ्याच ठिकाणी करतात, कारण भरल्या पोटी भूल दिली तर अन्न फुफ्फुसात जायची भीती असते. वजन कमी करण्यासाठी आणि मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आल्यापासून तर जास्तच. ती औषधं जठराचा वेग मंदावतात. यांना ती चालू नव्हती, मी विचारून घेतलं. पण सोनोग्राफी हा एका क्षणाचा फोटो. आत्ता अन्न आहे एवढं कळतं. किती वेगाने जातंय हे हवं असेल तर मोजावं लागतं.

मोजायचे रस्ते तसे बरेच आहेत, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या मानाने सगळेच सुसह्य. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली आणि पोटाला कायमचं भोक राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे आणि पावाचे तुकडे आत सोडायचा आणि ठराविक वेळाने ओढून बघायचा. पचनाबद्दलचं बरंचसं ज्ञान त्या एका भोकातून आलं. पुढच्या शतकात, १९२० च्या दशकात, कॅलिफोर्नियात वॉल्टर अल्वारेझने पोटाच्या कातडीवरून जठराची विद्युतलय टिपली. निरोगी जठर मिनिटाला साधारण तीन लाटा काढतं. हृदयाच्या ईसीजीचा हा धाकटा भाऊ अजूनही प्रयोगशाळेतच रमलाय. त्यावरून एका रुग्णाचा उपचार बदलावा इतका भरवसा मला वाटत नाही, म्हणून तो केला नाही.

फाईलमध्ये 'श्वासाची चाचणी निगेटिव्ह' असा एक कागद होता आणि घरच्यांची समजूत होती की पोटाची श्वासाची तपासणी झालेली आहे. ती युरियाची चाचणी, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधणारी. जंतू आहे की नाही एवढंच ती सांगते, वेगाशी तिचा संबंध नाही. शिवाय ती पँटोप्राझोल चालू असताना केलेली. ही गोळी आधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. गोळी थांबवून परत केली, तरी निगेटिव्हच आली. तो विषय तिथे संपला.

वेगाचीही श्वासाची चाचणी असते. जेवणात कार्बनचा जड पण किरणोत्सर्गी नसलेला भाऊ, कार्बन-१३, मिसळतात. अन्न जठरातून आतड्यात उतरलं, पचलं, यकृतात जळलं की तो कार्बन डायऑक्साइडमधून बाहेर पडतो आणि फुंकरीत मोजता येतो. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या संशोधकांनी १९९३ साली ही पद्धत मांडली, ऑक्टॅनोइक आम्ल वापरून. अमेरिकेत २०१५ साली स्पिरुलिना या शेवाळावर बेतलेल्या चाचणीला मंजुरी मिळाली. मला ती आवडते, पण आमच्या भागात ती सहज मिळत नाही. आणि मिळाली असती तरी एक अडचण होतीच. ऑक्टॅनोइक आम्ल अंड्याच्या बलकात मिसळतात, स्पिरुलिनाही अंड्याच्याच खाण्यात. माझ्यासमोर माळकरी बसलेला.

उरला किरणोत्सर्गी जेवणाचा स्कॅन, म्हणजे सिंटिग्राफी. तोसुद्धा झाल्याचं फाईल म्हणत होती, आणि रिपोर्ट होता 'जठर रिकामं होण्याचा वेग सामान्य'. मी तो दोनदा वाचला. त्यांना दुधात औषध घालून पाजलं होतं, दीड तास फोटो काढले होते आणि घरी पाठवलं होतं. शिवाय जठराला चालना देणाऱ्या डॉम्पेरिडोनची सकाळची कॅप्सूल ते नेहमीप्रमाणे गिळूनच गेले होते, कारण घेऊ नका असं कोणी म्हणालं नव्हतं.

द्रवाला दळावं लागत नाही. जठर बरंच थकलं तरी दूध-पाणी गुरुत्वाकर्षणाने आणि वरच्या भागाच्या दाबाने खाली सरकतं. मधुमेही जठरात पहिल्यांदा बिघडतं ते घन अन्नाचं गणित. ते मोजायचं तर किरणोत्सर्गी खूण घन अन्नातच घट्ट बसलेली हवी आणि मोजणी चार तास चालायला हवी. २००८ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी यावर एकमत केलं: अंड्याचा पांढरा भाग, पावाचे दोन तुकडे, जॅम, पाणी, मिळून २५५ कॅलरी, दहा मिनिटांत खायचं, फोटो लगेच आणि मग एक, दोन, चार तासांनी. दोन तासांनी ६० टक्क्यांपेक्षा जास्त किंवा चार तासांनी १० टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरलं तर जठर मंद. अंडंच का? टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्याची खूण कच्च्या पांढऱ्यात मिसळून शिजवली की पांढरा गोठताना तिला धरून ठेवतो, सुटू देत नाही.

मग माळकऱ्याने काय खायचं?

इडली. दक्षिणेत या तपासणीसाठी इडली वापरून झाली आहे, आणि पुण्यातल्या ज्या केंद्रात मी त्यांना पाठवलं तिथेही निरोगी माणसांना इडली खाऊ घालून स्वतःची प्रमाणं बसवलेली होती. हे महत्त्वाचं, कारण अंड्याची मोजपट्टी इडलीला जशीच्या तशी लावता येत नाही. टेक्नेशियम आंबवलेल्या पिठात मिसळायचं आणि मग इडल्या वाफवायच्या. वरून शिंपडलं तर ते जठरातल्या पाण्यात धुऊन निघेल आणि परत द्रवच मोजला जाईल. सांबार नाही, चटणी नाही, तूप नाही.

पहिली फेरी फुकट गेली आणि त्यात चूक माझी. डॉम्पेरिडोन तीन दिवस आधी बंद करायला मी लिहून दिलं होतं, उपास सांगितला होता, पण दोनशेपेक्षा जास्त किलोमीटरचा रात्रीचा प्रवास असताना इन्सुलिनचं काय करायचं हे लिहिलं नाही. वाटेत शुगर लो होईल या भीतीने त्यांनी रात्रीचा डोस घेतलाच नाही. सकाळी बोटातून २९६. शुगर चढलेली असली की निरोगी जठरही मंदावतं, म्हणून २७५ च्या वर स्कॅन करत नाहीत. इडल्या वाफवून तयार होत्या. टेक्नेशियमचा जोर दर सहा तासांनी निम्म्यावर येतो, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. तंत्रज्ञाने मला फोन केला, मी ओशाळलो, आणि दोघं नवरा-बायको परतीच्या एसटीत बसले.

तीन आठवड्यांनी परत गेले. या वेळी आदल्या दिवशीच पुण्यात पुतण्याकडे मुक्काम, रात्रीच्या आणि सकाळच्या डोसाचे आकडे कागदावर. सकाळी शुगर १६८. इडल्या त्यांनी नऊ मिनिटांत संपवल्या आणि म्हणाले, "पंढरपूरच्या स्टँडवर सुद्धा इतकी कोरडी देत नाहीत." मग गॅमा कॅमेऱ्यासमोर उभं राहून पुढून एक मिनिट, मागून एक मिनिट. दोन्ही बाजूंनी यासाठी की अन्न आधी जठराच्या वरच्या, पाठीकडच्या भागात बसतं आणि हळूहळू पुढे येतं. एकाच बाजूने मोजलं तर नुसतं पुढे सरकलेलं अन्न वाढल्यासारखं दिसेल. मधल्या वेळात बाहेरच्या बाकड्यावर बसून हरिपाठ. किरणोत्सर्गाची मात्रा माणसाला वर्षभरात निसर्गातून मिळते तिच्यापेक्षा कमी असते; हे मी सांगितल्यावर पुतण्याने मात्र आपल्या लहान मुलीला दिवसभर त्यांच्या मांडीवर बसू दिलं नाही.

एका तासाने उरलेलं ९२ टक्के. दोन तासांनी ७१. चार तासांनी ३४.

अंड्याची मोजपट्टी घ्या किंवा इडलीची, ३४ कुठेच बसत नाही. मधुमेहामुळे आलेला जठराचा मंदपणा, गॅस्ट्रोपरेसिस. मी रिपोर्ट वाचून दाखवला आणि थोडा खूषही झालो होतो. उठता उठता पत्नींनी विचारलं, "मग पायाची गोळी आता चालू ठेवायची ना?"

कुठली पायाची गोळी?

तळपायांची आग होते म्हणून गावाकडच्या एका डॉक्टरांनी वर्षापूर्वी रात्रीची अमिट्रिप्टिलिन २५ मिलीग्रॅम दिली होती. ती वेगळ्या डबीत, वेगळ्या फळीवर. मी विचारलं होतं, पोटाची कुठली औषधं चालू आहेत. त्यांनी पोटाची सांगितली. पायाची गोळी पायाची होती. अमिट्रिप्टिलिन आतड्यांच्या आणि जठराच्या नसांचा निरोप अडवतं. स्कॅनच्या आदल्या रात्रीही ती घेतलेली. म्हणजे माझे ३४ टक्के मधुमेहाचे किती आणि गोळीचे किती, हे मला सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून मी 'कुठली औषधं चालू आहेत' असं विचारत नाही. घरातल्या सगळ्या डब्या पिशवीत घालून आणा म्हणतो. फळीवरच्या, उशाखालच्या, शेजारणीने दिलेल्या.

गोळी हळूहळू बंद केली, आगीसाठी प्रीगॅबालिन लहान डोसात दिलं आणि सहा आठवड्यांनी त्याच केंद्रात, त्याच इडलीवर तिसरी फेरी. दोन तासांनी ६३, चार तासांनी २१. सुधारणा होती, पण जठर मंदच होतं. फरक सगळा गोळीचाच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्याच माणसाचा स्कॅन वेगळ्या दिवशी थोडा वेगळा येतोच, आणि दरम्यान शुगरही जरा आटोक्यात आली होती. पण दोन निर्णय पक्के झाले. मूळ दुखणं मधुमेहाचं, आणि पायाची गोळी परत नाही.

उपचारातला मोठा भाग औषधाचा नव्हता. दिवसातून दोनदा घ्यायचं मिश्र इन्सुलिन बदलून मधुमेहतज्ज्ञांनी एक दिवसभर पुरणारं आणि एक झटपट काम करणारं दिलं, आणि झटपटवालं जेवणाआधी न घेता जेवणानंतर, किती खाल्लं ते बघून घ्यायचं ठरवलं. जेवण दोनऐवजी पाच वेळा, थोडं थोडं. जठर दळत नसेल तर दळण बाहेर करून द्यायचं: मुगाची मऊ खिचडी, गाळलेली पेज, ताक, शिजवून घोटलेला भोपळा. मोडाची कडधान्यं, कच्ची काकडी, पालेभाजीचे देठ बंद. भाकरी सोडायला ते तयार नव्हते. ताकात पूर्ण कुस्करून अर्धी, असा तह झाला.

एकादशीचा प्रश्न वहीने सोडवला. पत्नींनी तीन वर्षांच्या एकादश्या लिहून ठेवल्या होत्या. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा कूट आणि तूप घालून केलेली, तिच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा उलटी. भगर आणि ताक खाल्लेल्या एकादशीला क्वचित. स्निग्ध पदार्थ जठराला थोपवून धरतात हे पुस्तकात आहेच, पण या घरातली नोंद पुस्तकाइतकीच बोलकी होती. मी फक्त 'एकादशीला भगर' असं लिहिलं आणि खाली सही केली.

औषध एकच, जठराला चालना देणारं मेटोक्लोप्रमाइड, जेवणाआधी, बारा आठवड्यांच्या आतच, तोंडाच्या-जिभेच्या विचित्र हालचाली सुरू होतात का यावर लक्ष ठेवून. त्याच कामाचं लेव्होसल्पिराइड आपल्याकडे फार सहज लिहिलं जातं. त्याने हात थरथरायला लागलेले म्हातारे मी पाहिलेत, म्हणून टाळलं.

सहा महिन्यांनी एचबीए१सी ८.१. वजन चार किलोंनी वाढलेलं. उलटी पंधरा दिवसांतून एखादी, तीही बहुधा लग्नाच्या जेवणानंतर. पोट जड होणं पूर्ण गेलं नाही, आणि ते स्कॅनच्या आकड्याबरोबर खालीवर होतं असंही नाही. कधी आकडा चांगला आणि माणूस बेजार, कधी उलटं. स्कॅन चौथ्यांदा केला नाही. त्यातून आता कुठलाही निर्णय बदलणार नव्हता.

शेवटच्या भेटीत त्यांनी एक कागद मागितला. रिपोर्ट नको म्हणाले, तो इंग्रजीत आहे. "तुम्ही मराठीत लिहून द्या, त्या दोन्ही वेळेला मी उपाशी होतो." मी लेटरहेडवर लिहिलं: 'या रुग्णाच्या जठरातून अन्न फार उशिरा पुढे सरकते. आधीच्या दोन्ही एंडोस्कोपींच्या वेळी आढळलेले अन्न आदल्या रात्रीचे असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. रुग्णाने उपास मोडला होता असे मानण्याचे कारण नाही.' त्यांनी वाचलं, शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं, आणि शिक्का कुठाय ते विचारलं. शिक्का मारला.

पुढच्या वेळी इन्सुलिनच्या चिठ्ठीसाठी आले तेव्हा तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर होता, लॅमिनेट केलेला.